प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्यावर (म्हणजे कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवल्यावर) ९७ डिग्री दाखवतंय, लिक्विड कूलर असूनही. चालेल का?

वऱ्हाडी_ठेचा (११ मे, रात्री ११:४०)

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज अडलं म्हणून लिहायला आलो. चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मशीन नवीन आहे, तीन आठवडे झाले. इंटेलचा आय७-१३७००के प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, ३६० मिमीचा लिक्विड कूलर (पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवणारा) कॅबिनेटच्या छताला लावलेला, तिन्ही पंखे वर हवा फेकतात. गाव अकोला, म्हणजे मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको. मी घरातला कूलर (पाण्याचा, खसवाला) चालू करूनच बसतो, टेबलावरच्या थर्मामीटरवर ३२ दाखवतंय.

आधी सगळं जसं आलं तसं चालवलं, काही तक्रार नव्हती. मग एक व्हिडिओ पाहिला आणि हात शिवशिवले. बायोसमधे (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधे) जाऊन सगळे पी-कोर (प्रोसेसरचे वेगवान कोर) ५.५ गीगाहर्ट्झवर टाकले, व्होल्टेज १.३५ फिक्स. विंडोज मस्त चालू झालं, गेम पण चालतात ७८-८२ मधे. पण सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी टेस्ट) लावला की पापणी लवायच्या आत ९७, दोन कोर तर १०० ला टेकून लाल अक्षरात दाखवतात. व्हिडिओवाल्या भाऊकडे याच प्रोसेसरला, याच सेटिंगला, ३६० च्याच कूलरवर ८० होतं. म्हणजे माझं काऊन १७ डिग्री जास्त??

दुकानदाराला फोन केला तर म्हणे लिक्विड आहे ना, काही होत नाही. बाबा म्हणतात एवढे पैसे घालून पण गरमच होतंय तर पाणी कशाला घातलं त्याच्यात. सांगा राजेहो, नेमकं किती टेम्परेचर सेफ धरायचं?

रंकाळा_गेमर (११ मे, रात्री ११:५८)

भावा १०० पर्यंत काय टेन्शन घ्यायचं नाही. इंटेलनंच त्या चिपला कमाल १०० लिहिलंय, वर जायला लागला की तो स्वतःच स्पीड कमी करतोय. जळत बिळत नाही. खेळ बिनधास्त.

घुबड_रात्रपाळी (१२ मे, रात्री १२:२०)

+१. माझा एएमडीचा रायझन ७७००एक्स प्रोसेसर रेंडर करताना सरळ ९५ वर जाऊन बसतो आणि तासभर तिथंच राहतो. २०२२ मधे ही सिरीज आली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं की ९५ पर्यंत जाणं हे डिझाइनमधेच धरलंय. पहिले चार दिवस मला झोप नव्हती, आता बघतच नाही.

जुनाखोड (१२ मे, सकाळी ७:०५)

वरचे दोघंही अर्धं बरोबर बोलतायत आणि अर्ध्याने घोळ होतो म्हणून लिहितो.

१०० हा आकडा "इथपर्यंत चालवा" असा नाही, तो "इथं मी ब्रेक मारणार" असा आहे. ठेचा भाऊ, तुमचे दोन कोर १०० ला टेकतात म्हणजे ब्रेक लागलाय. तुम्ही ५.५ सेट केलंय पण चिप ५.५ वर पळतच नसणार, सिनेबेंच चालू असताना क्लॉक (स्पीड) बघा, ५.२ च्या आसपास घसरलेला दिसेल. म्हणजे फॅक्टरीतून आला त्यापेक्षा हळू, आणि वीज मात्र जास्त. १३७००के सगळ्या पी-कोरवर ५.३ आपला आपण करतो, त्याच्यासाठी बायोसला हात पण लावायला लागत नाही.

रायझनची तुलना इथं करू नका. ७७००एक्सला कंपनीनेच ९५ चं लक्ष्य दिलंय, तो तिथवर जाऊन मग जेवढा स्पीड निघेल तेवढा काढतो. आणि रायझन म्हणून सगळ्यांना ९५ असंही नाही, ५८००एक्सला ९० आहे, ७८००एक्स३डी ला ८९. चिपगणिक आकडा वेगळा. आपल्या चिपच्या पानावर जाऊन बघावा, व्हिडिओवाल्याच्या नाही.

आमच्या काळात (२०११, आय५-२५००के, हो तो अजून चालू आहे, भाच्याकडे) फोरमवर सरसकट ८० च्या खाली ठेवा म्हणायचे. मग २०१२ ला इंटेलचा ३७७०के आला, त्याच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डरच्या जागी उष्णता नेणारी पेस्ट घातलेली, तो सोल्डरवाल्यापेक्षा तापायला लागला आणि लोक ब्लेडने झाकणं उघडायला लागले. मी पण एक उघडायला गेलो होतो. ती गोष्ट नको.

आता माझं विचाराल तर मी अजूनही फिक्स व्होल्टेजवर ओव्हरक्लॉक असेल तर सगळ्यात जड टेस्टमधे ८५-९० च्या वर जाऊ देत नाही. कारण नुसत्या उष्णतेने चिप मरत नाही, उष्णता आणि व्होल्टेज हातात हात घालून आले की आयुष्य कमी होतं. ९५ डिग्री १.१५ व्होल्टला वेगळी आणि ९५ डिग्री १.३५ ला वेगळी.

बरं आता कामाचं. एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, सेन्सर्स उघडा, सिनेबेंच १० मिनिटं चालवा आणि इथं हे सांगा: पॅकेज पॉवर (चिप खाते ती वीज) किती वॅट, थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे लागणारा ब्रेक) येस का नो, पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेम्परेचर चढलं कसं. एका झटक्यात का हळूहळू.

वऱ्हाडी_ठेचा (१२ मे, सकाळी ९:३०)

हाव काका, संध्याकाळी करून टाकतो. चढण्याने काय फरक पडतो पण? शेवटी आकडा तोच ना?

लोटेकरीण (१२ मे, दुपारी १:१५)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी केमिकल इंजिनियर, लोट्याला नोकरी, दिवसभर हीट एक्स्चेंजरच बघते त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही :)

चढण्याने खूप फरक पडतो. उष्णता चिपमधून झाकणात, तिथून पेस्टमधून तांब्याच्या प्लेटमधे, प्लेटमधून पाण्यात, पाणी ते नळीतून रॅडिएटरला नेणार, रॅडिएटर खोलीच्या हवेत सोडणार. यातला पाण्यापर्यंतचा भाग अगदी छोटा, तिथलं सगळं सेकंदात घडतं. पाणी स्वतः तापायला मात्र वेळ लागतो, १०-१५ मिनिटांनी कुठे ते एका जागी येऊन थांबतं.

म्हणून बटण दाबल्या दाबल्या ४० वरून ९५ ला उडी मारली तर दोष पाण्याच्या अलीकडे. व्होल्टेज जास्त, पेस्ट कमी, प्लेट नीट बसली नाही, प्लेटवरचं प्लॅस्टिक काढायचं राहिलं (हसू नका, राहतं लोकांचं), नाहीतर पंप पाणी ढकलत नाहीये. आणि ७५ ला सुरू होऊन वीस मिनिटांत रांगत रांगत ९५ ला गेलं तर दोष पलीकडे. रॅडिएटरला धूळ, पंखे उलटे, कॅबिनेटमधे हवा कोंडलीय, नाहीतर खोलीच तापलीय.

अजून एक करा, फुकट आहे. टेस्ट चालू असताना बाजूचं झाकण काढून दोन्ही नळ्यांना हात लावून बघा. २५० वॅट उष्णता आणि मिनिटाला एक लिटर पाणी धरलं तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात फरक येतो साडेतीन-चार डिग्रीचा. रबराच्या नळीवरून हाताला तो कळत पण नाही, दोन्ही सारख्याच कोमट लागल्या पाहिजेत. एक गरम आणि एक गार लागली तर पाणी नीट फिरत नाहीये.

रंकाळा_गेमर (१२ मे, दुपारी १:४०)

ताई तुम्ही लैच डीप गेलाय 😅 पण मी पण आज हात लावून बघणार

इसारकाठचा (१२ मे, दुपारी ४:५०)

म्युनिकहून लिहितोय. ठेचाभाऊ, व्हिडिओवाल्याच्या आकड्यातून आधी त्याची खोली वजा करा. इकडचे टेस्ट करणारे २०-२२ डिग्रीच्या खोलीत बसून टेस्ट करतात, चांगले लोक ते सांगतातही, पण आपण फक्त मोठ्या अक्षरातला आकडा वाचतो. रॅडिएटर कितीही मोठा असला तरी पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही, खोली एक डिग्री वर गेली की चिप पण जवळपास एक डिग्री वर.

त्याचे ८० मधून २१ गेले, राहिले ५९. तुमचे ९७ मधून ३२ गेले, राहिले ६५. म्हणजे सतरातले अकरा अकोल्याचे आहेत, तुमचा कूलर उगाच शिव्या खातोय. उरलेले सहा शोधा. खरं तर सहापेक्षा जास्त असतील, कारण तुमचा १०० ला ब्रेक लागतोय, नाहीतर अजून वर गेला असता.

उलट बाजूने पण लक्षात ठेवा. डिसेंबरात २२ च्या खोलीत ८३ आले म्हणून खूश होऊन सेटिंग पक्कं केलंत तर मे मधे ३७ च्या खोलीत तेच ९८ होणार. माझा नागपूरचा चुलतभाऊ दरवर्षी एप्रिलमधे फोन करतो की पीसी बिघडला. बिघडत काही नाही, उन्हाळा येतो.

घुबड_रात्रपाळी (१२ मे, संध्या. ६:१०)

हे वजाबाकीचं मला आधी कुणी का नाही सांगितलं. मी मागच्या वर्षी याच आकड्यांपायी दोनदा पेस्ट बदलली.

एक शंका, कदाचित बावळट असेल. खसवाल्या कूलरने खोलीत दमट हवा होते, त्याने लिक्विड कूलरच्या नळ्यांवर पाणी धरणार नाही का? थंड पाण्याच्या बाटलीवर धरतं तसं?

लोटेकरीण (१२ मे, संध्या. ६:३५)

बावळट अजिबात नाही. पण नाही धरत. बाटलीवर पाणी धरतं कारण बाटली हवेपेक्षा बरीच गार असते. इथं नळीतलं पाणी खोलीपेक्षा नेहमी गरमच असणार, गार होण्याचा प्रश्नच येत नाही. बर्फ किंवा चिलर लावणाऱ्यांना ती भीती.

फक्त खसवाल्या कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवू नका, त्यातून बारीक तुषार येतात, आणि पाणी क्षाराचं असेल तर रॅडिएटरच्या जाळीवर पांढरं बसतं.

वऱ्हाडी_ठेचा (१२ मे, रात्री ८:४५)

आलो. आधी लाईट गेली होती, सव्वा तास, मग टेस्ट केली. एचडब्ल्यूइन्फोचे आकडे:

खोली ३२. पॅकेज पॉवर २६८ वॅट. थर्मल थ्रॉटलिंग: येस. क्लॉक ५.५ वरून ५.२-५.३ मधे नाचतोय (काका तुम्हाला दंडवत). चढलं कसं म्हणाल तर ४१ वरून तिसऱ्या सेकंदाला ९६. हळूहळू वगैरे काही नाही, लिफ्टच.

आणि ताई, नळ्या!! एक नळी चांगली गरम, दुसरी गारेगार. आईला पण बोलावून हात लावायला लावला, ती म्हणाली एकात गिझरचं पाणी नि एकात नळाचं. रॅडिएटरमधून वर येणारी हवा पण काही खास गरम नाही. पंप आरपीएम नावाचं काही दिसतच नाही मला, सीपीयू फॅन १४५०, सिस फॅन १ - ९००, सिस फॅन २ - ०, सिस फॅन ३ - १०८०.

लोटेकरीण (१२ मे, रात्री ८:५५)

हाताला एवढा फरक म्हणजे पाणी चौथाईसुद्धा फिरत नसेल. पंप बघा आधी, पेस्टला हात लावू नका.

जुनाखोड (१२ मे, रात्री ९:१०)

मला वाटतं सापडलं. खोक्यावर पंपाचा आरपीएम किती लिहिलाय बघा. आणि पंपाच्या डोक्यातून जी बारीक केबल निघते ती मदरबोर्डवर कुठे खोचलीय ते टॉर्च लावून वाचा. तो सिस फॅन ३ चा १०८० मला पंख्याचा वाटत नाहीये.

वऱ्हाडी_ठेचा (१२ मे, रात्री ९:५०)

काका.

खोक्यावर २८०० लिहिलंय. केबल ग्राफिक्स कार्डच्या मागून गेलीय, मोबाईलचा टॉर्च आणि बहिणीचा छोटा आरसा घेऊन वाचलं, एसवायएस_एफएएन३, म्हणजे तोच सिस फॅन ३. जोडताना तीच पिन जवळ पडली असणार. बाप्पा, मग हा पंप तीन आठवडे निम्म्यापेक्षा कमी चालतोय??

जुनाखोड (१२ मे, रात्री १०:१५)

हो. आणि गंमत बघा, कॅबिनेटच्या पंख्यांच्या हेडरला (मदरबोर्डवर केबल खोचायच्या पिनांना) बायोस बहुतेक मदरबोर्डच्या सेन्सरवर चालवतं, सीपीयूच्या नाही. बोर्ड बिचारा ४० डिग्रीला निवांत, म्हणून बायोस म्हणतं पंखा हळू फिरू दे, आवाज कशाला. तिकडे सीपीयू शंभरी गाठतोय आणि पंपाला कुणी सांगतच नाही. गेमिंगमधे वॅट कमी म्हणून निभावलं.

केबल एआयओ पंप लिहिलेल्या हेडरला लावा. तो नसेल तर आहे तिथंच ठेवून बायोसमधे त्या हेडरला फुल स्पीड द्या. पंपाला कर्व्ह (तापमानाप्रमाणे स्पीड बदलायचं सेटिंग) द्यायचीच नाही, सरळ १००. कर्व्ह पंख्यांना. मशीन बंद करून, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करून काम करा, आणि ग्राफिक्स कार्ड काढावं लागलं तर त्याचं लॅच आधी दाबा, जोर करू नका.

पंपाची जागा ठीक आहे तुमची, रॅडिएटर वर आहे म्हणजे हवेचा बुडबुडा वरच राहतो, पंपात येत नाही. पंप सगळ्यात वर असेल तर मात्र गुळगुळ आवाज करत हवा खातो नि लवकर जातो, ज्यांनी तसं लावलंय त्यांनी बदलून घ्या.

रंकाळा_गेमर (१२ मे, रात्री १०:२२)

नाद खुळा काका. आरशात हेडर वाचून निदान, डॉक्टरला पण जमणार नाही.

(माझा पण पंप बघून आलो. १०० वर आहे. तरी छातीत धडधडलं)

वऱ्हाडी_ठेचा (१३ मे, रात्री १०:३०)

झालं! पंप आता २७६०. सुरू केल्यावर बारीक गुणगुण ऐकू येते जी आधी नव्हती, मला वाटायचं किती शांत मशीन आहे.

तेच सेटिंग, ५.५, १.३५, खोली ३२ च. सिनेबेंच १० मिनिटं, ९१. थ्रॉटलिंग नो. क्लॉक ५.५ वर खिळा ठोकल्यासारखा. पॉवर मात्र २८१ वॅट झाली. दोन्ही नळ्या सारख्या.

म्युनिकवाले दादा, ९१ वजा ३२ किती ते काढलं का? ५९!!! तुमच्या व्हिडिओवाल्याचा आकडा.

आता ९१ ठेवू का? काका ८५-९० म्हणाले होते.

इसारकाठचा (१३ मे, रात्री ११:०५)

५९ वाचून खुर्चीतून उठलो 😄 एवढं तंतोतंत जमणं हा योगायोग पण आहे हां, चिपगणिक दोन-चार डिग्री इकडेतिकडे असतातच.

जुनाखोड (१४ मे, सकाळी ६:५०)

मी नाही ठेवणार. १० मिनिटांचा सिनेबेंच ९१, म्हणजे लाईट जाऊन खोलीतला कूलर बंद आणि पीसी इन्व्हर्टरवर, खोली ३६ झाली की ९५. आणि ते प्राइम९५ चं स्मॉल एफएफटी (सिनेबेंचहून जड टेस्ट) चालवून बघू नका या व्होल्टेजला, लगेच १०० ला जाईल. रोजच्या वापरात एवढा जड लोड कधी येत नाही, म्हणून मी ती टेस्ट पास व्हायलाच पाहिजे असंही म्हणत नाही.

पण मुद्दा वेगळा आहे. ५.३ वरून ५.५ म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. त्यासाठी तुम्ही १.३५ देताय. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, १.२५ च्या जागी १.३५ दिलं की नुसत्या व्होल्टेजनेच १६-१७ टक्के जास्त वीज आणि तेवढीच उष्णता. चार टक्क्यांना एवढी किंमत?

माझं ऐकणार असाल तर ओव्हरक्लॉक काढा, स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) जा, पॉवर लिमिट बायोसमधे नीट लिहा. काही बोर्ड ते ४०९६ वॅट असं टाकून मोकळे होतात, म्हणजे लिमिटच नाही. इंटेलचा आकडा २५३ आहे, मी २०० टाकेन. मग व्होल्टेजला ऑफसेट मायनस (चिप मागते त्यापेक्षा जरा कमी), आधी ०.०३, दोन दिवस वापरा, मग ०.०५. मधेच रीस्टार्ट झालं किंवा गेम बाहेर फेकायला लागला की एक पायरी मागे.

आणि हे करायच्या आधी बायोस अपडेट करा. १३व्या-१४व्या जनरेशनमधे जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू खराब होत होत्या, ते २०२४ मधे इंटेलनेच मान्य केलं, ऑगस्टमधे ०एक्स१२९ मायक्रोकोड (चिपसाठीचा दुरुस्ती कोड) आला, सप्टेंबरात ०एक्स१२बी. तो बायोसमधूनच येतो. १३७००के त्या यादीत आहे. खोक्यातल्या चिपला त्यांनी वॉरंटी तीनाची पाच वर्षं केली, पण हाताने व्होल्टेज चढवून चिप मारलीत तर ते काय म्हणतील त्याची खात्री मी देणार नाही.

घुबड_रात्रपाळी (१४ मे, सकाळी ११:३०)

काकांचं वाचून मी पण हात धुवून घेतला. ७७००एक्स इको मोड (वीज कमी खाणारं सेटिंग) ६५ वॅटवर टाकला, ९५ चा आता ६८-७० ला असतो आणि माझा रेंडर जेमतेम काही मिनिटांनी लांबला. इतके दिवस खोलीत उगाच शेगडी पेटवून बसलो होतो.

वऱ्हाडी_ठेचा (१७ मे, रात्री ९:२०)

उशीर झाला, बहिणीच्या साखरपुड्याची गडबड होती.

बायोस अपडेट केलं (इन्व्हर्टर फुल चार्ज असताना, मधे लाईट गेली असती तर घरच्यांनी मलाच बाहेर काढलं असतं). स्टॉक क्लॉक, लिमिट २००, ऑफसेट मायनस ०.०५. मायनस ०.०७ करून बघितलं तर गेम दोनदा डेस्कटॉपवर फेकला म्हणून मागे आलो. तीन दिवस झाले, काही नाही.

खोली ३३, सिनेबेंच अर्धा तास, सगळ्यात जास्त ७७. स्कोर आधी ५.५ ला ३१,६०० होता, आता २९,४००. गेममधे ६० ते ६४, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) मधे मला तर काही फरक दिसला नाही. काल दुपारी मुद्दाम खोलीतला कूलर बंद करून बसलो, खोली ३७ ला गेली, प्रोसेसर ८२. मी मात्र थ्रॉटल झालो, अर्ध्या तासात उठून गेलो.

बाबांना नळ्यांना हात लावून दाखवलं, म्हटलं बघा दोन्ही सारख्या. ते म्हणाले मग आधी काय झालं होतं. म्हटलं वायर चुकीच्या जागी होती. म्हणे हे मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. म्हटलं नव्हतं, पण जाऊ द्या.

काका, ते ३७७०के च्या झाकणाची गोष्ट राहिली.

जुनाखोड (१७ मे, रात्री १०:००)

ब्लेड घसरलं. चिप पण गेली आणि अंगठ्याला तीन टाके. झोपा आता.